हेल्मेट बायकोचं, लायसन्स माझं गेलं! अजून कशाकशाने जातं?

पंक्चर_पाटील

मंडळी नमस्कार. वाचतोय बरेच दिवस, लिहितोय पहिल्यांदाच, तेही अडलंय म्हणून.

झालं असं की दिवाळीत भावाकडे दुबईला जायचं ठरलंय, तो म्हणला येताना इंटरनॅशनल परमिट काढून आण, आलटून पालटून गाडी चालवू. म्हणून मागच्या आठवड्यात सारथीच्या, म्हणजे लायसन्सच्या सरकारी साइटवर लायसन्स नंबर टाकला तर स्टेटसला सस्पेंडेड! दोनदा तीनदा नंबर टाकून बघितला, जन्मतारीख तपासली, म्हणलं दुसऱ्याच कुणाचं उघडलं असेल. नाही, माझंच, फोटोसकट, तो जुना मिशीवाला फोटो. आणि कार्ड तर माझ्या पाकिटात आहे, कुणी घेतलेलं नाही, काही नाही.

मग डोकं खाजवल्यावर आठवलं. मे महिन्यात मेहुणीची हळद होती. बायकोने पार्लरमध्ये जाऊन दीड तास केस बांधून घेतलेले, वर गजरा, त्यामुळे हेल्मेट डोक्यावर न घालता कोपरात अडकवलं होतं. मी घातलेलं, पट्टा लावून. कार्यालय चारशे मीटरवर राहिलं असताना चौकात साहेबांनी बाजूला घेतलं, ५०० चं चलन केलं, लायसन्सचा फोटो काढला, मी तिथल्या तिथे फोनवरून पैसे भरले आणि विषय संपला असं समजून जेवायला गेलो. (जेवण छान होतं.)

काल आईला फोन केला तर म्हणते, "अरे हो, जुलैत तुझ्या नावाचा एक सरकारी लिफाफा आलेला, मी लाइट बिलांच्या पिशवीत ठेवलाय." लायसन्सवर पत्ता गावचा आहे ना. तिला फोटो पाठवायला लावला, तर ती कारणे दाखवा नोटीस, सात दिवसांत खुलासा करा म्हणून.

तर प्रश्न असे. एक, दंड भरलाय ना, मग परत लायसन्स का? दोन, चूक मोटरसायकलवर झाली, तर कार पण चालवायची नाही का, ऑफिस २३ किलोमीटरवर आहे हो. आणि तीन, हे असं गुपचूप जात असेल तर अजून कशाकशाने जातं ते एकदा कळू दे, म्हणजे निदान माहीत असताना तरी जाईल.

पेठेतला_आगाऊ

हेल्मेट ही कोपराची वस्तू आहे हे पुण्यात गेली वीस वर्षं सर्वमान्य आहे, साहेब बाहेरगावचे असणार. बाकी चारशे मीटरसाठी गजरा जिंकला आणि तीन महिने लायसन्स हरलं, हिशोब वहिनींना सांगितला का?

क्लच_मास्तर

ड्रायव्हिंग स्कूल चालवतो, २२ वर्षं झाली, त्यामुळे हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी येतो. जरा सविस्तर लिहितो, चहा घेऊन बस.

दंड आणि लायसन्स ही दोन वेगळी खाती आहेत. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली, त्यात हेल्मेटसाठी १९४ ड असं नवीन कलम आलं. मूळ कायद्यात दंड १००० आहे, आपल्या राज्याने तडजोडीची, म्हणजे कोर्टात न जाता भरायची रक्कम ५०० ठेवली, पण त्याच वाक्यात पुढे लिहिलंय की तीन महिने लायसन्ससाठी अपात्र. लोक ५०० वाचतात आणि पुढचं वाचत नाहीत. आणि हेल्मेट चालवणाऱ्याला आहे तसंच मागच्याला पण आहे, चार वर्षांच्या वरचं कुणीही. मागचा बिनहेल्मेटचा बसला तर गाडी "तशी" चालवली कुणी, तर तू. म्हणून लायसन्स तुझं. मुंबई ट्रॅफिक पोलिसांनी मे २०२२ ला मागच्या सीटच्या हेल्मेटबद्दल जाहीर केलं तेव्हा हेच लिहिलेलं, ५०० आणि तीन महिने सस्पेंड. तेव्हा सगळे हसले. ट्रिपल सीटला पण हेच आहे बरं का, १९४ क, तेच तीन महिने.

आता प्रोसेस. पोलीस स्वतः लायसन्स सस्पेंड करत नाहीत. ते कलम २०६ खाली केस आरटीओकडे पाठवतात. आरटीओने तुला बोलवून ऐकून घ्यायचं असतं, आणि ऐकून घेतल्यावर दोन रस्ते, एक तर सोडून द्यायचं नाही तर कारण लिहून सस्पेंड करायचं. हो, सोडून द्यायचा पण अधिकार आहे. पण तू गेलाच नाहीस, पिशवीत राहिला लिफाफा, मग काय एकतर्फी झालं. ऑर्डर मिळाल्यापासून ३० दिवसात अपील करता येतं, तर पहिलं काम म्हणजे ऑर्डरची कॉपी मिळव आणि ती तुझ्यापर्यंत कधी पोचली ते बघ.

कारचं विचारलंस. कायद्यात शब्द आहे "सर्व किंवा कोणत्याही वर्गाची वाहने". म्हणजे ऑर्डरमध्ये काय लिहिलंय त्यावर आहे. नुसतं सस्पेंड लिहिलं असेल तर कार पण गेली, ट्रॅक्टर पण गेला. तोपर्यंत चालवू नको. सांगतो का ते. सस्पेंड असताना चालवलं तर कलम १८२, १०००० दंड किंवा तीन महिने कैद किंवा दोन्ही. आणि दंडापेक्षा मोठं म्हणजे इन्शुरन्स. तुझ्या पॉलिसीत बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की चालवणाऱ्याकडे अपघाताच्या वेळी वैध लायसन्स हवं आणि तो अपात्र ठरलेला नसावा. समोरच्याला काही झालं तर कोर्टाच्या सांगण्यावरून कंपनी त्याला पैसे देईल आणि मग तुझ्याकडून वसूल करेल. घर विकायची पाळी येते रे.

आणि एक, कार्ड पाकिटात आहे याला आता काही अर्थ नाही. ऑक्टोबर २०२० पासून सगळं पोर्टलवर चढतं. पोलिसाच्या हातातल्या मशीनला कार्ड दिसत नाही, पोर्टल दिसतं.

अजून एक सांगून ठेवतो, दुसऱ्यांदा अशीच केस गेली तर सस्पेंड नाही, डायरेक्ट रद्द लिहिलंय कायद्यात. तेव्हा पुढच्या हळदीला रिक्षा कर.

पंक्चर_पाटील

मास्तर, हात जोडतो. कार कालच शेजारच्या काकांकडे चावी देऊन लावून टाकली. पण मला एक मेसेज तरी यायला नको का? मोबाइलवर काहीच आलं नाही.

क्लच_मास्तर

सारथीवर नंबर कुठला आहे ते बघ. शंभरातल्या कितीतरी लोकांचा नंबर एजंटचा असतो, लायसन्स काढताना "साहेब ओटीपी येतो, माझाच टाकतो" म्हणून टाकलेला. तुझे सगळे मेसेज दहा वर्षं कुणीतरी टपरीवर बसून वाचतोय.

पंक्चर_पाटील

शेवटचे दोन आकडे ४१ दाखवतंय. माझा ४१ नाही.

मीटर_डाऊन

ठाण्यात रिक्षा चालवतो, १६ वर्षं. तुमचं प्रायव्हेटवाल्यांचं बरंय, हेल्मेट आणि सिग्नल एवढंच. आमचं लायसन्स तोंडामुळे पण जातं.

खोटं नाही सांगत. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, त्यात नियम २१, कुठल्या वागण्यामुळे आरटीओ लायसन्स काढून घेऊ शकते त्याची यादी आहे, वीस-पंचवीस गोष्टी. आमच्या युनियनच्या ऑफिसात भिंतीवर चिकटवलेली आहे, पान पिवळं पडलंय, पण मी उभं राहून पूर्ण वाचली एकदा, पासिंगला वेळ होता म्हणून. गाडी चोरली, पॅसेंजरचं सामान चोरलं, पॅसेंजरला मारलं, हे ठीक आहे, कुणालाही कळतं. पण त्याच यादीत पॅसेंजरशी उद्धटपणे वागणं पण आहे. भाडं नाकारणं आहे, लांबचं असो जवळचं असो, पहिला जो हात करेल त्याला नाही म्हणायचं नाही. जास्त भाडं घेणं आहे. लांबच्या रस्त्याने नेणं आहे. गाडी चालवताना विडी सिगरेट ओढणं आहे. दुसऱ्याच्या गाडीत बसायला निघालेल्या पॅसेंजरला अडवून आपल्याकडे ओढणं पण आहे, आता स्टेशनबाहेर सकाळी साडेआठला येऊन बघा, अर्ध्या ठाण्याचं लायसन्स जाईल.

आणि सगळ्यात भारी, चौथी सीट. ड्रायव्हरच्या बाजूला अर्ध्या बुडावर एक माणूस बसवतात ना शेअरमध्ये. त्याच्यासाठी वेगळं लिहिलंय की कुणाला असं बसवायचं नाही की समोरचं नीट दिसणार नाही किंवा हँडल नीट फिरणार नाही. मी बसवलेत, नाही म्हणत नाही. तीन सीटमध्ये गॅस आणि मालकाचा हप्ता सुटत नाही. पण आता मालक मीच आहे तर नाही बसवत, उजव्या हाताला वळताना त्याचा गुडघा हँडलला लागतो, एकदा नितीन कंपनीच्या पुलाखाली असा अडकला की गाडी सरळ डिव्हायडरकडे, थोडक्यात वाचलो.

संपाचं पण आहे. निषेध म्हणून गाडी रस्त्यात सोडून गेलात, लोकांची वाट अडली, लायसन्स जाऊ शकतं. म्हणून आमचे पुढारी सांगतात, चक्का जाम करा पण गाडी घरी ठेवून करा. आता घरी ठेवून जाम कसा होतो ते त्यांनाच माहीत.

मोबाइल पण त्यातच आहे, शेवटी. नंतर त्यात एवढी सूट आली की रस्ता बघायला चालतो, लक्ष विचलित होणार नाही अशा बेताने. म्हणजे होल्डरला लावून नकाशा चालेल, हातात धरून बायकोशी भांडण चालणार नाही.

आमचं लायसन्स गेलं की तीन महिने कार लावून ठेवली आणि ऑफिसला बसने गेलो असं नसतं हो, तीन महिने चूल बंद. कार्ड एकच असलं तरी वजन वेगळं असतं. म्हणून मी आता जवळचं भाडं आलं की मनातल्या मनात शिवी घालतो आणि तोंडाने म्हणतो, बसा.

पेठेतला_आगाऊ

पॅसेंजरशी उद्धटपणा हा नियम पुण्यातल्या रिक्षावाल्यांना कुणी वाचून दाखवलाय का? की तो ठाण्यापुरताच आहे?

मीटर_डाऊन

पुण्यात पॅसेंजरचं लायसन्स काढून घ्यायचा नियम हवा.

पेठेतला_आगाऊ

मान्य.

अनुची_आई

मी जरा वेगळं विचारते. मुलगी १६ पूर्ण झाली, अकरावीला आहे, क्लास घरापासून चार किलोमीटर. सोसायटीतली निम्मी पोरं अॅक्टिव्हाने जातात. नवरा म्हणतो देऊया, सगळेच देतात, पकडलं तर दंड भरू. मी म्हणते नको. तिला लायसन्सच नाही तर तिचं काय जाणार, असं त्याचं म्हणणं. बरोबर आहे का?

क्लच_मास्तर

ताई, नवऱ्याला हे वाचायला द्या. जे अजून मिळालंच नाही ते लायसन्स पण जातं.

कलम १९९ अ, हे पण २०१९ चंच. १८ च्या आतलं मूल गाडी चालवताना गुन्हा झाला तर दोषी पालक किंवा गाडीचा मालक. तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५००० दंड. गाडीचं रजिस्ट्रेशन १२ महिने रद्द, म्हणजे अॅक्टिव्हा वर्षभर पार्किंगमध्ये धूळ खाणार. आणि खरा मार पुढे आहे, त्या मुलाला वयाची २५ वर्षं पूर्ण होईपर्यंत लर्निंग पण नाही, पक्कं पण नाही. १८ नाही, २५. कॉलेज झालं, नोकरी लागली, लग्नाचं बघायला लागले, तरी लायसन्स नाही. २०२४ च्या मे मध्ये पुण्यात कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाच्या पोर्शे कारखाली दोन जीव गेले तेव्हा परिवहन खात्याने त्या मुलाबद्दल हेच सांगितलेलं, २५ पर्यंत नाही, म्हणून बऱ्याच लोकांना हे कलम पहिल्यांदा कळलं. पण कलम पोर्शेसाठी नाही, अॅक्टिव्हाला पण तेच लागतं.

१६ व्या वर्षी लायसन्स मिळतं असं कुणीतरी सांगेल. मिळतं, ५० सीसीच्या आतल्या बिनागिअरच्या गाडीचं. अॅक्टिव्हा त्याच्या दुपटीहून मोठी. त्या लायसन्सवर अॅक्टिव्हा चालवणं म्हणजे बिनालायसन्सच. खरंच गाडीच द्यायची असेल तर ताशी २५ किलोमीटर आणि २५० वॅटच्या आतली बॅटरीची गाडी बघा, तिला लायसन्सच लागत नाही. घेताना दुकानदाराचं ऐकू नका, कागद बघा, कारण वेगाचं कुलूप काढून देणारे पण तिथेच बसलेले असतात.

अनुची_आई

स्क्रीनशॉट काढून फॅमिली ग्रुपवर टाकलाय. दोन निळ्या टिका आल्यात, उत्तर नाही.

हळद_सांगली

आमच्या पप्पांचं सांगतो, त्यांनी काहीच केलं नाही आणि तरी गेलं. तोच मुद्दा आहे, काहीच केलं नाही म्हणून गेलं.

पप्पा १९८२ पासून गाडी चालवतात, जीप, ट्रॅक्टर, आता छोटी कार. लायसन्स ते जुनं पुस्तकवालं होतं, नंतर कार्ड झालं. २०१७ ला रिन्यू केलं तेव्हा वय ५७. पन्नाशीनंतर पाच वर्षांचंच मिळायचं, म्हणजे २०२२ ला संपलं. कुणाच्या लक्षात राहणार, कार्ड देवघराच्या फडताळात. आणि पप्पांच्या डोक्यात जुना नियम की संपल्यावर महिनाभर चालतं. तो महिना २०१९ च्या दुरुस्तीत गेला. आता तारीख संपली की दुसऱ्या दिवशी तुम्ही बिनालायसन्सचे. संपायच्या आधी एक वर्ष ते संपल्यावर एक वर्ष एवढ्यात रिन्यू करायचं, त्या वर्षाच्या पुढे गेलात की परत टेस्ट.

आम्हाला कळलं कधी, तर उसाच्या सीझनला. कारखान्याच्या रस्त्यावर ट्रॉलीचं मागचं चाक बसलं बाजूला, दरवाजे दोन्ही आत गेले. पप्पांना काही झालं नाही, गणपतीची कृपा. गॅरेजचा आकडा ४३ हजार. क्लेम टाकला, कंपनीचा माणूस आला, फोटो काढले, गोड बोलला, आणि मग लायसन्स मागितलं. फडताळातून काढलं तर चौदा महिन्यापूर्वी संपलेलं. क्लेम गेला. चूक ट्रॉलीवाल्याची होती तरी आमच्या गाडीचा आमच्या पॉलिसीतला क्लेम गेला.

मग टेस्ट. ६३ व्या वर्षी, स्कूटर, आठचा आकडा. मी बरोबर गेलो होतो. लाइनमध्ये सगळी अठरा-एकोणीसची पोरं, एकजण पप्पांना म्हणतो आजोबा तुम्ही नातवाला घेऊन आलाय का. पप्पा म्हणले, "नाही, नातू मला घेऊन आलाय." आणि मी तर त्यांचा मुलगा. पहिल्यांदा पाय टेकला, नापास. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना असं बघितलं, हेल्मेट हातात धरून झाडाखाली उभे, कुणाशी बोलले नाहीत. घरी येऊन अंगणात चुन्याने आठ काढला आणि रोज संध्याकाळी आई तुळशीला दिवा लावायची त्या टायमाला हे आठच्या आकड्यात. तिसऱ्या आठवड्यात पास.

चाळिशीनंतर रिन्यूला डॉक्टरचं सर्टिफिकेट पण लागतं, फॉर्म १ अ, तो आणायला परत एक फेरी. सगळ्यांनी आत्ता उठून आईवडलांचं कार्ड बघा. खरंच, आत्ता.

क्लच_मास्तर

हळदवाले, तुमच्या पप्पांना माझा नमस्कार सांगा. माझ्याकडे वीस वर्षांची पोरं आठमध्ये पाय टेकून परीक्षकाशी भांडतात.

आणि ज्यांचं अजून जुनं पुस्तक आहे, हाताने लिहिलेलं, त्यांनी ते सारथीवर चढलंय का बघा. नसेल तर ज्या आरटीओने दिलं तिथे जाऊन बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुन्या लायसन्सची पोर्टलवर नोंद करून घ्या. पोर्टलवर नाही म्हणजे ऑनलाइन काहीच पुढे सरकत नाही.

दोन लायसन्स असणारे पण आहेत, एक गावचं, एक नोकरीच्या शहरातलं, दोन्ही चालू. कायद्याने एका वेळी एकच. पहिलं आहे हे लपवून दुसरं काढलं असेल तर ती खोटी माहिती देऊन काढल्यात मोडते आणि तेवढ्यावर पण जाऊ शकतं.

नाव_नको

नवीन आयडी काढून लिहितोय.

मला दोन वर्षांपूर्वी फीट आली. रात्री, ओट्यापाशी, दूध तापवत होतो. बायकोने सांगितलं म्हणून कळलं, मला स्वतःला आठवतं ते एकदम फरशी गार लागली तेवढंच. न्यूरोच्या डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, एमआरआय झाला, आणि उठताना म्हणाले गाडी बंद. मी म्हणलं किती दिवस. ते म्हणले मी सांगेपर्यंत.

लायसन्स माझ्याकडे आहे, तारीख २०३१. कुणी नोटीस पाठवली नाही. पण लायसन्स काढताना तो फॉर्म १ असतो ना, ज्यात आपण सगळे न वाचता नाही नाही नाही टिक करतो, त्यात पहिलाच प्रश्न फीट किंवा अचानक शुद्ध हरपण्याचा आहे. मग २५ मीटरवरून नंबरप्लेट वाचता येते का, रात्री दिसतं का, हॉर्न ऐकू येतो का. तिथे खोटं लिहून घेतलेलं लायसन्स म्हणजे फसवून घेतलेलं. आणि कलम १६ असं सांगतं की आजारपणामुळे माणूस गाडी चालवायला योग्य नाही असं वाटायला कारण असेल तर आरटीओ कधीही लायसन्स रद्द करू शकते किंवा डॉक्टरचं सर्टिफिकेट मागू शकते. मी काढताना खोटं लिहिलं नव्हतं, तेव्हा काही नव्हतंच. पण २०३१ ला परत तो फॉर्म समोर येणार.

ऑफिसात सांगितलं नाही अजून. पीएमपीच्या बसने जातो, विचारलं तर म्हणतो पेट्रोल परवडत नाही. मित्र म्हणतो गोळ्या चालू आहेत ना, मग चालव की, कोण बघतंय. मुलीला शाळेत सोडायचा तेवढाच रस्ता आहे, दीड किलोमीटर. पण तो रस्ता मी तिच्या बरोबरच जाणार ना. म्हणून नाही चालवत.

हिरवा_की_लाल

नाव_नको, भेटू कधीतरी, बसचा पास माझ्याकडेही होता बरीच वर्षं. मला रंग नीट कळत नाहीत, लाल आणि हिरवा, जन्मापासून. डॉक्टरने तो ठिपक्यांचा आकडा दाखवला, मी म्हणलं कुठला आकडा, झालं, लायसन्स नाही. जून २०२० मध्ये नियम बदलला, सौम्य आणि मध्यम रंगांधळेपणा असेल तर मिळतं आता, डॉक्टरच्या सर्टिफिकेटवर. मला २०२१ ला मिळालं, वय ३८. ज्यांना आधी नकार मिळालाय आणि परत विचारलंच नाही त्यांनी विचारा. सिग्नलचं विचाराल तर वरचा दिवा थांबा, खालचा जा, एवढं सोपं आहे.

नेकारकाठचा

जर्मनीतून, श्टुटगार्टजवळून. इथलं एक सांगतो म्हणजे पाटलांना बरं वाटेल.

इथे सायकलवर दारू पिऊन कारचं लायसन्स जातं. सायकलवर! रक्तात १.६ प्रोमिल, म्हणजे हजारात १.६ भाग दारू सापडली की ते तुम्हाला वैद्यकीय आणि मानसशास्त्रीय तपासणीला पाठवतात, एमपीयू म्हणतात, बोलीत लोक सरळ येड्यांची परीक्षा म्हणतात. मानसशास्त्रज्ञ समोर बसून विचारतो का पीत होतात, आता काय बदललं, आणि त्याला पटलं नाही तर कारचं लायसन्स गेलं. माझ्या ऑफिसातला एक जण गाडी घरी ठेवून शहाण्यासारखा सायकलने पार्टीला गेला होता. शहाणपणच नडलं. १.६ म्हणजे खूप होतं हे मान्य, आपल्याकडची मर्यादा १०० मिलीला ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.३, त्याच्या पाचपट. पण तरी, सायकल!

इथे येणाऱ्या नवीन मराठी मंडळींसाठी, भारतातलं लायसन्स इथे राहायला आल्यापासून सहाच महिने चालतं. नंतर इथली थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्ही. पंधरा वर्षं मुंबई-पुणे चालवणारा माणूस इथे पहिल्या प्रॅक्टिकलला नापास होतो, उजवीकडे वळताना मान वळवून सायकलवाला बघितला नाही म्हणून. मी होतो तो माणूस.

मीटर_डाऊन

मान वळवली तर आमच्याकडे पुढचा घुसतो.

पंक्चर_पाटील

अपडेट देतो. काल सुट्टी टाकून गेलो आरटीओत, बसने. खिडकी चार, मग सात, मग वरचा मजला, तिथला माणूस जेवायला, मग परत चार. पण शेवटी एका मॅडमनी नीट ऐकून घेतलं. ऑर्डरची कॉपी मिळाली. ऑगस्टच्या १९ ची आहे, तीन महिने, "सर्व वर्गांची वाहने". मास्तर, तुम्ही म्हणलात तेच. मॅडम म्हणल्या नोटिशीच्या तारखेला आला असतात आणि लेखी दिलं असतंत तर साहेबांनी विचार केला असता, आता अपील करायचं तर करा, पण अपीलचा निकाल लागेपर्यंत तुमचे तीन महिने तसेही संपतील. हे पण खरंच आहे. रिफ्रेशर ट्रेनिंगचं पण विचारलं, कायद्यात आहे म्हणल्या, कोर्स पूर्ण केल्याचं सर्टिफिकेट आणा मग परत चालू होईल, आणि कोर्स कुठे मिळतो त्याचा कागद दिला. मोबाइल नंबर बदलून घेतला. ते ४१ वालं कोण होतं ते कळलं नाही, पण त्या नंबरवर मी एकदा फोन करून बघणार आहे, माझे अजून काय काय मेसेज आलेत विचारतो.

१९ नोव्हेंबरला संपतंय. दुबईला भाऊच चालवेल, मी शेजारी बसून रस्ता सांगेन.

बायकोने स्वतःहून नवीन हेल्मेट आणलंय, पुढून पूर्ण उघडणारं, आणि म्हणते यात मागे अंबाड्याला जागा आहे. गजऱ्याला नाही, ते मी बघितलं.

पेठेतला_आगाऊ

गजरा हेल्मेटला बाहेरून बांधायचा. कलमात कुठे नाही लिहिलेलं.